बंद पडलेली शर्यत

(मंडळाच्या मासिक सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण. भाषणाच्या वेळी संच टेबलावर मांडून ठेवला होता.)



आजच्या भाषणाचा विषय पत्रकावर वाचून पुष्कळजणींना नवल वाटले असेल. याच जागेवरून आपण मधुमेहातील आहाराविषयी ऐकले, मृत्युपत्र कसे करावे ते ऐकले, आणि आज एकदम मोटारींच्या शर्यतीचे खेळणे कसे दुरुस्त करावे! परंतु हा विषय शोधीत आपण कोठे गेलो नाही. तो आपल्या दारी चालत आला. शेजारच्या इमारतीतील काकांनी उन्हाळ्याच्या सुट्टीतील आपल्या मुलांच्या वर्गासाठी एक जुना संच मंडळाला दिला. त्यांचे मामा १९६७ साली इंग्लंडातून परत येताना तो घेऊन आले होते. देताना काकांनी एकच अट घातली : कपाटात शोभेला ठेवायचा असेल तर घेऊ नका, मुलांनी त्याच्याशी खेळले पाहिजे. संच तर बंद पडलेला. तेव्हा अट पाळायची म्हणजे तो चालू करणे आले, आणि मुलांच्या हाती द्यायचा म्हणजे तो निर्धोक करणेही आले. या दोन गोष्टी एकच नव्हेत, हेच मला आज मुख्यतः सांगायचे आहे.

ज्यांनी हे खेळणे कधी पाहिले नाही त्यांच्यासाठी प्रथम त्याची ओळख करून देते. काळ्या प्लॅस्टिकचे सरळ आणि वळणदार तुकडे एकमेकांत अडकवून एक वाटोळा रस्ता तयार होतो. रस्त्यावर दोन समांतर खाचा असतात, एकेका गाडीला एकेक. प्रत्येक खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात. गाडीच्या नाकाखाली एक लहानशी जीभ असते, ती खाचेत उतरते. गाडीला सुकाणू नाही. जिकडे खाच नेईल तिकडे ती जाते. खेळणाऱ्याच्या हातात असतो फक्त वेग. वळणावर वेग आवरला नाही तर गाडी खाचेतून उडून बाहेर पडते, फारच आवरला तर दुसरा पुढे निघून जातो. सारी गंमत एवढ्यातच आहे, आणि ती पुष्कळ आहे.

या खेळण्याचे नाव स्केलेक्स्ट्रिक. फ्रेड फ्रान्सिस नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १९४७ साली मिनिमॉडेल्स नावाचा कारखाना काढला. त्यांच्या किल्लीवर चालणाऱ्या लहान मोटारी १९५२ पासून स्केलेक्स या नावाने विकल्या जात. त्या मोटारींत त्यांनी विजेची मोटर बसवली, स्केलेक्स आणि इलेक्ट्रिक यांचा संधी करून नवे नाव बनवले, आणि १९५७ च्या जानेवारीत हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनात हा खेळ मांडला. पहिल्या गाड्या पत्र्याच्या होत्या आणि रस्ता रबराचा होता. मागणी एवढी आली की लहान कारखान्याला ती झेपेना. १९५८ साली लाइन्स ब्रदर्स या मोठ्या कंपनीने तो विकत घेतला. १९६० पासून गाड्या प्लॅस्टिकच्या झाल्या, आणि त्या दशकात रबरी रस्ता जाऊन प्लॅस्टिकचा आला. आपला संच या दुसऱ्या पिढीतला. १९७१ साली लाइन्स ब्रदर्सचा डोलारा कोसळला, पण खेळणे टिकले. पुढे ते हॉर्नबी या कंपनीकडे गेले. मूळ मापात फारसा बदल झाला नाही : खऱ्या गाडीचा बत्तिसावा हिस्सा, म्हणजे चार मीटर लांबीची मोटार येथे साडेबारा सेंटिमीटरची होते.

आता दुरुस्तीकडे वळू. आपण पुष्कळ वेळा बंद पडलेली वस्तू हातात घेतो, दोनदा हलवतो, एकदा ठोकतो आणि "गेली" म्हणून बाजूला ठेवतो. वस्तू सबंध कधीच जात नाही. तिच्यात कोठेतरी एक गोष्ट अडलेली असते. ती कोठे अडली हे कळायला विजेचा रस्ता आधी मनाशी नीट आखावा लागतो. या खेळण्यात वीज भिंतीतल्या प्लगमधून ट्रान्सफॉर्मरमध्ये येते. तेथे २३० व्होल्टचे १२ व्होल्ट होतात, आणि उलटसुलट वाहणारा प्रवाह एका दिशेचा होतो. तेथून ती हातातल्या नियंत्रकात जाते, नियंत्रकातून खाचेलगतच्या एका पट्टीत उतरते, गाडीच्या जिभेलगत असलेल्या तांब्याच्या तारांच्या वेणीतून वर चढते, मोटरमधून फिरून दुसऱ्या वेणीतून दुसऱ्या पट्टीत उतरते आणि ट्रान्सफॉर्मरकडे परत येते. जाणे आणि येणे मिळून एक फेरा. फेऱ्यात कोठेही खंड पडला की गाडी जागची हलत नाही.

काम आम्ही तिघींनी केले, चार शनिवार. पहिला शनिवार निव्वळ पाहण्यात गेला, आणि तो वाया गेला असे मला मुळीच वाटत नाही. सगळे तुकडे मोजले, प्रत्येक वस्तूचे छायाचित्र काढले, गाडीचा प्रत्येक स्क्रू काढला की वाटीत ठेवून वाटीला नंबर दिला. जुना ट्रान्सफॉर्मर मात्र प्लगला लावायचा नाही, असे पहिल्याच दिवशी ठरवले. ते का, ते पुढे सांगते. तपासणीसाठी १२ व्होल्टचा नवा पुरवठा आणला आणि नुसती मोटर पाहण्यासाठी नऊ व्होल्टची साधी बॅटरी घेतली.

दोष शोधण्याची युक्ती अगदी सोपी आहे : अदलाबदल. दोन गाड्या आहेत, दोन नियंत्रक आहेत, दोन खाचा आहेत. म्हणजे तुलनेला जोडी आयतीच आहे. दोन्ही खाचांवर काहीच चालत नसेल तर दोष मुळाशी, म्हणजे पुरवठ्यात. एकाच खाचेवर अडत असेल तर नियंत्रक बदलून पाहावेत. दोष नियंत्रकाबरोबर पलीकडे गेला तर तो नियंत्रकाचा, जागीच राहिला तर रस्त्याचा. एक गाडी दोन्ही खाचांवर अडली तर दोष गाडीचा. अशा तीन-चार अदलाबदलींत आम्हांला कळले की हिरव्या गाडीची मोटर अडली आहे, तांबडी गाडी बरी आहे, आणि रस्ता मात्र जागोजागी आजारी आहे.

रस्त्याचे दुखणे म्हणजे गंज. आपल्याकडच्या दमट हवेत लोखंडी पट्टीवर पन्नासहून अधिक पावसाळे गेल्यावर दुसरे काय होणार? वरवरचा गंज भांडी घासण्याच्या हिरव्या नायलॉनच्या घासणीने हलक्या हाताने निघतो. लोखंडी तारेची घासणी मात्र वापरू नये. तिचे केसासारखे तुकडे खाचेत राहतात, गाडीच्या मोटरमधले चुंबक ते ओढून घेते आणि मोटर आतून अडते. आपल्या स्वयंपाकघरातली सवय म्हणून चिंच किंवा लिंबू घेण्याचा मोह होतो. पितळेला ते ठीक. येथे आंबटाचा अंश सांध्यात राहतो आणि आठ दिवसांत गंज दुप्पट जोमाने येतो. घासून झाल्यावर केमिस्टाकडे मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवावा. बोळा काळा होईतोवर फिरवावा असे नव्हे, काळा व्हायचा थांबेतोवर फिरवावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि जवळपास निरांजनसुद्धा पेटते नसावे.

पट्ट्या लख्ख झाल्या तरी गाडी एका वळणावर थांबतच होती. येथे एक मौजेची गोष्ट कळली, ती सांगण्यासारखी आहे. रस्ता वाटोळा असल्यामुळे पट्टीतील वीज दोन्ही बाजूंनी फिरून येते. एखादा सांधा तुटला तर गाडी थांबत नाही. वीज दुसऱ्या बाजूने पोहोचते. थोडा वेग मंदावतो एवढेच. पण त्याच पट्टीचे दोन सांधे निकामी झाले की मधला तुकडा दोन्हीकडून तुटतो, आणि गाडी तेथे पोहोचली की मरते. म्हणून गाडी जेथे थांबते तेथे एकच सांधा तपासून उपयोग नाही; मृत भागाच्या दोन्ही टोकांचे सांधे पाहावे लागतात. आणि एकच दुरुस्त करून गाडी सुरू झाली तरी दुसरा तसाच सोडू नये, कारण पुढचा दोष येईपर्यंत तो नुसता दडून राहतो. आमच्या वळणाच्या दोन्ही टोकांना धातूच्या चिमट्या सैल झाल्या होत्या. बारीक नाकाच्या पकडीने त्या किंचित आवळल्या आणि काम झाले. जोर फार केला तर चिमटी तुटते. कानातल्याची फिरकी आवळताना आपण जेवढा जोर लावतो तेवढाच.

गाडीचे काम मात्र आपल्या शिवणवर्गाच्या बाईंचे. शिवणयंत्राची विजेची मोटर त्यांनी किती वेळा उघडली असेल याची गणतीच नाही, आणि या इवल्याशा मोटरमध्येही तीच रचना निघाली. मिक्सर दुरुस्तीला दिला की दुकानदार "कार्बन बदलावे लागतील" म्हणतो, ते कार्बन येथेही आहेत, तांदळाच्या दाण्याएवढे. मधोमध फिरणारा भाग म्हणजे आर्मेचर. त्याच्या टोकाला तांब्याचे तीन तुकडे जोडून केलेली बांगडी असते, तिला कॉम्युटेटर म्हणतात. कार्बन त्या बांगडीवर घासत राहतात आणि प्रत्येक वेटोळ्याला पाळीपाळीने वीज देतात. वर्षानुवर्षे पडून राहिले की बांगडीवर काळा थर चढतो, जुने तेल चिकट होते, आणि मोटर जागची हलत नाही. कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून बाईंनी बांगडी पुसली, तुकड्यांमधल्या भेगांतला काजळीसारखा गाळ लाकडी दातकोरणीने काढला. मग बॅटरीच्या दोन तारा लावल्या. मोटर प्रथम नुसती थरथरली, बोटाने हलकेच ढकलल्यावर फिरू लागली. पहिली काही मिनिटे ती कमी विजेवरच फिरू द्यावी.

तेल घालायचे ते शिवणयंत्राचे, आणि सुईच्या टोकावर राहील एवढेच. जेथे आस फिरतो तेथे एक थेंब, दातेरी चाकाला एक थेंब. खोबरेल किंवा गोडेतेल कधीही नको, ते काही महिन्यांत डिंकासारखे होते. कॉम्युटेटरला, तांब्याच्या वेणीला आणि टायरला तेल लागता कामा नये. पहिल्या दोघांत वीज अडते आणि तिसऱ्यात गाडी घसरते.

वेणीचा शब्द मघाशी आला. तांब्याच्या शेकडो तारांची ही वेणी पट्टीवर घासत जाते, म्हणून तीच सर्वांत आधी झिजते. आमच्या दोन्ही गाड्यांच्या वेण्या काळ्या आणि ताठ झाल्या होत्या. मऊ ब्रशने विंचरून त्या कामापुरत्या चालल्या असत्या, पण नव्या वेण्या स्वस्त मिळतात, म्हणून बदलून टाकल्या. टायरचेही तसेच. जुने रबर दगडासारखे होते आणि गाडी जिथे उभी होती तिथे चपटे होते. त्याला कोणतेही औषध नाही. जुन्या गाड्यांच्या मापाचे नवे टायर आजही तयार होतात, ते मागवले. गाडीचे प्लॅस्टिक मोटर काढून घेतल्यावर कोमट साबणपाण्याने धुतले. गरम पाण्याने ते वाकडे होते, आणि नखांचा रंग काढण्याच्या द्रवाने विरघळते. नंबरांचे कागद जुने आहेत, त्यांना हात लावला नाही.

नियंत्रकाच्या पोटात बारीक तारेचे लांब वेटोळे असते. अंगठा दाबत जावे तसा एक सरकता तुकडा त्या वेटोळ्यावरून पुढे जातो, विजेला कमी तार ओलांडावी लागते, आणि गाडी वेग घेते. वाहत्या नळाची तोटी हळूहळू उघडावी तसे. एका नियंत्रकात तार शाबूत होती, सरकता तुकडा मळला होता. दुसऱ्याची वायर हँडलपाशी आतून तुटली होती. वरून शाबूत दिसे. टॉर्चचा दिवा आणि दोन सेल घेऊन दोन्ही टोके तपासली तेव्हा दिवा लागेना. तेवढा तुकडा कापून, उरलेली वायर पुन्हा डाख देऊन जोडली.

आता ट्रान्सफॉर्मर. याविषयी आमच्यात दोन मते पडली, आणि दोन्ही बाजूंना अर्थ होता, म्हणून सविस्तर सांगते. एक म्हणणे असे की संच जसाच्या तसा राहावा. इतक्या वर्षांची जुनी जोडी मोडायची, आणि तीही कदाचित चालू असताना, हे बरे नव्हे. पूर्वीच्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकत, हे आपण रोज म्हणतो. दुसरे म्हणणे असे की १२ व्होल्टच्या बाजूला काही बिघडले तर फार तर गाडी थांबेल. २३० व्होल्टच्या बाजूला बिघडले तर मूल दगावेल. आम्ही जुन्या ट्रान्सफॉर्मरची वायर वाकवून पाहिली, तर वरचे आवरण चणेफुटाण्यासारखे तडकले आणि आतले तांबे दिसले. वायर नवी घालता येते, हे खरे. पण पेटीच्या आतल्या वेटोळ्यांवरचे आवरणही त्याच वयाचे. मुख्य विजेला आणि खेळण्याच्या विजेला वेगळे ठेवणारी भिंत तीच, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. त्या काळच्या पुष्कळ ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रवाह एका दिशेचा करण्यासाठी सेलेनियमच्या चकत्या असत. त्या जळाल्या तर उग्र आणि विषारी धूर निघतो. चालू आहे म्हणजे निर्धोक आहे, असे येथे म्हणता येत नाही. ज्या दिवशी तो बंद पडेल त्याच दिवशी त्याचा धोका कळेल, आणि तो दिवस वर्गातल्या मुलाच्या हातावर यावा असे कोणालाच वाटत नव्हते.

अखेर असे ठरले : जुना ट्रान्सफॉर्मर टाकून द्यायचा नाही. त्याचा प्लग कापला, वर "केवळ पाहण्यासाठी, विजेला लावू नये" अशी चिठ्ठी डकवली आणि खोक्यात त्याच्या मूळ जागी ठेवला. चालवण्यासाठी १२ व्होल्ट आणि दीड अँपिअरचा, प्रमाणित खुणेचा नवा पुरवठा घेतला. त्यापेक्षा जास्त अँपिअरचा मुद्दामच घेतला नाही. गाडी कोठे अडकली तर जादा विजेने जुन्या मोटरची तार जळते. विद्युत खेळण्यांच्या सुरक्षिततेसाठी आपल्याकडे भारतीय मानक १५६४४ आहे, आणि १ जानेवारी २०२१ पासून बाजारात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले आहे. घरातल्या जुन्या खेळण्यावर असे चिन्ह कोठून असणार? तेथे तपासनीस आपणच व्हावे लागते.

याच विचाराने आणखी दोन नियम केले. तीन वर्षांखालील मुलांना या टेबलापाशी येऊ द्यायचे नाही, कारण टायर आणि स्क्रू तोंडात जाण्याएवढेच असतात. कोणाच्या घरी याहून जुनी पत्र्याची खेळणी असतील तर त्यांच्या रंगात शिसे असू शकते. ती काचेआड शोभतात, तोंडात नव्हे.

संच आता चालतो. तांबडी गाडी अजून थोडी मंद आहे. जुने चुंबक काळाने क्षीण होतात, ते आम्ही तसेच राहू दिले. आतली खाच बाहेरच्या खाचेपेक्षा वळणावर लांबीने कमी भरते, म्हणून मंद गाडी आतल्या खाचेत ठेवली की शर्यत बरोबरीची होते. मुलांनी ते आपणहून शोधून काढले. एवढेच नव्हे, तर गाडी थांबली की आता मुले हाका मारीत नाहीत. दोन्ही टोकांचे सांधे पाहतात, गाड्यांची अदलाबदल करतात. त्यांत मुली मागे नाहीत, उलट पक्कड त्यांच्याच हाती जास्त असते.

भगिनींनो, विजेची वस्तू उघडणे हे आपले काम नव्हे, असे समजण्याची सवय आपल्याला फार दिवसांची आहे. प्लग काढून ठेवून, वाटीत स्क्रू मोजून, एकेक पायरी तपासणे हे आपल्याला नवे नाही. बिघडलेली भाजी आणि फसलेले शिवण आपण असेच सुधारतो. परंतु सुधारताना दोन ढीग करायला शिकावे. जे झिजले, मळले, सैल झाले ते साफ करून जपावे. आणि जे फुटले तर माणसाला इजा करील ते, मग ते कितीही जुने आणि जिव्हाळ्याचे असो, कामातून निवृत्त करावे. घरी गेल्यावर आपापल्या इस्त्रीची, मिक्सरची आणि टेबलपंख्याची वायर प्लग काढून एकदा बोटांनी वाकवून पाहा, एवढी विनंती करते.

  आता ज्यांना गाडी चालवून पाहायची असेल त्यांनी टेबलापाशी यावे. वळणावर वेग आवरावा, एवढे मात्र सांगून ठेवते.